स्वतःहून उठणारा डबा

मुरलीभाऊ वेखंडे आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी दाराजवळच्या मेन स्विचकडे जायचे आणि तो खाली ओढायचे. पंखा रेंगाळत थांबायचा, टीव्हीतली बाई अर्ध्या वाक्यात गडप व्हायची आणि माझा नवरा वर्तमानपत्राआडून म्हणायचा, "आले." मुरलीभाऊ थोडा वेळ ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे, मग स्विच वर ढकलायचे आणि कमरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभे राहायचे.

"बघू, स्वतःहून कोण कोण उठतंय."

पंखा लगेच उठायचा. त्याच्याबद्दल त्यांना आदर होता. ट्यूबलाईट डोळे मिचकावत उठायची, "उठते, पण नखरे फार." टेबलावरचं आकड्यांचं घड्याळ उठायचं आणि बारा वाजल्याचं सांगत लुकलुकत राहायचं, "हे उठलं, पण वेड लागून उठलं." टीव्ही मात्र लाल दिवा लावून नुसता बसून राहायचा, कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत. मुरलीभाऊ त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा बघा. हा जावई."

शहापुरात आमच्या भिंतीला त्यांची भिंत लागून. मुरबाडच्या एका तांत्रिक संस्थेत ते मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि रोज किन्हवलीवरून जाणाऱ्या एस.टी.ने ये-जा करायचे. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, घरात ते आणि म्हातारी आई. त्यांच्या पायाला भिंगरी होती. चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने, आणि बोलणं तर दाराच्या चौकटीत, एक पाय बाहेर ठेवून. त्यांची आई म्हणायची, "ह्याच्या येळेला मला नऊ महिने बसू नाय दिलं ह्यानं."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भारनियमन जोरात होतं. दिवसातून दोनदा लाईट जायची आणि सगळा गाव तिच्या नावाने बोटं मोडायचा. मुरलीभाऊंना त्याचं काही वाटायचं नाही. "लाईट जाणारच, वहिनी. गेली त्याचं काय नाय. आल्यावर कोण उठतंय, ते बघायचं." माणसांनाही त्यांनी हीच मोजपट्टी लावली होती. त्यांचे संस्थेतले साहेब उठवावे लागणाऱ्यांतले. माझा नवरा ट्यूबलाईट. मला ते पंखा म्हणाले. दोन-तीन दिवस मी खुशीत होते, मग पंखा सतत घरघरतोही, हे लक्षात आलं.

आता हे वेड त्यांना जडलं कशावरून, ते सांगते. त्यांच्या आईला, म्हणजे मावशींना, ऐकू कमी यायला लागलं होतं. पण सरसकट नाही. जाड आवाज यायचे, बारीक जायचे. एस.टी.चा हॉर्न कळायचा, कुकरची शिट्टी नाही. पुरुष बोलले तर निम्मं समजायचं, मी बोलले तर त्या माझ्या तोंडाकडे बघून गोड हसायच्या. कानातलं मशीन आणलं होतं, पण ते सगळंच मोठं करायचं. भांडं पडलं की मावशी दचकून उभ्या राहायच्या. एके दिवशी ते मशीन देवघरातल्या खिळ्याला लटकलेलं दिसलं. "देवाला आयकू दे," मावशी म्हणाल्या. "त्यालाच गरज हाय."

मग मुरलीभाऊ मुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारातून एक बोर्ड घेऊन आले. हिरवी पट्टी, तिच्यावर काळे किडे चिकटवल्यासारखे. आवाजाचं गणित करणारा हा बोर्ड, एवढं मला कळलं. येणारा आवाज तो घ्यायचा, त्यातला मावशींना न येणारा भाग तेवढा उचलून धरायचा आणि बाकीचा होता तसा सोडायचा. कुठला भाग उचलायचा, ते मुरलीभाऊंनी स्वतः लिहून काढलं होतं. बोर्ड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवला, डबा फडताळावर ठेवला, एक माइक ओट्याजवळ आणि एक पुढच्या दाराशी लावला. डब्यातून निघालेली लांबलचक वायर मावशींच्या कानावरच्या हेडफोनला. मावशी हेडफोन लावून भाकऱ्या थापायच्या आणि म्हणायच्या, "दाव्याला बांधलेली म्हस झालीय मी." पण मी दारातून हळूच हाक मारली की मान वळवायच्या. पहिल्यांदा वळवली तेव्हा मी चक्क रडले.

अडचण एकच होती. हा डबा विसराळू होता. ते लिहिलेलं सगळं कॉम्प्युटरमध्ये असायचं आणि तिथून वायरने डब्यात भरावं लागायचं. लाईट असेपर्यंत डबा ते लक्षात ठेवायचा. लाईट गेली की सगळं विसरायचा, आणि लाईट परत आली की दिवा लावून ढिम्म बसायचा. जावई. मग संध्याकाळी मुरलीभाऊ मुरबाडहून येणार, पाय न धुता कॉम्प्युटर लावणार, वायर जोडणार आणि डब्याला उठवणार. तोपर्यंत मावशी घरात एकट्या, बंद कानांनी.

ते उठवणं मात्र बघण्यासारखं असायचं. डबा उठला की मुरलीभाऊ मावशींच्या पुढ्यात उकिडवे बसायचे, त्यांच्या कानामागचे केस सारून हेडफोन नीट करायचे आणि माइक तोंडाशी धरून विचारायचे, "आये, ऐकू येतंय का गो?" मावशी म्हणायच्या, "येतंय रे." की लगेच उठून चालले. मी मावशींना म्हणायचे, "दिवसभरात एवढाच बसतो बघा तुमचा मुलगा."

इन्व्हर्टर घ्या म्हणून माझ्या नवऱ्याने सुचवून पाहिलं. मुरलीभाऊंनी त्याच्याकडे करुणेने बघितलं. "बॅटरी पण उतरतेच ना? उतरल्यावर परत उठवणार कोण?"

एके दुपारी मी शाळेत शिकवून येऊन पडले होते. लाईट जाऊन नुकतीच आली होती. पलीकडे मावशींचा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. मला वाटलं, वाल शिजत असतील. मग शिट्ट्या थांबल्या आणि बार झाला. मी धावत गेले तर कुकरचं झाकण मोरीत, डाळ छताला, आणि बाहेरच्या खोलीत मावशी स्वयंपाकघराकडे पाठ करून शांतपणे तांदूळ निवडत बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "काय गो बाय, धावत का आलीस?" आणि जरा थांबून, "आत्ता कायतरी हललं, नाय?"

संध्याकाळी मुरलीभाऊंनी स्टूल घेतलं आणि छताची डाळ खरवडायला लागले. कितीतरी वेळ खरवडत होते. डाळ संपली, तरी चुना खरवडत होते. मग वरूनच म्हणाले, "हा डबा स्वतःहून उठला पाहिजे, वहिनी. दुसरं कायपण झालं नाय तरी चालेल."

तेव्हापासून ते कुणाचे राहिले नाहीत. उपाय तसा सोपा होता म्हणे. बोर्डाच्या शेजारी नखाएवढी एक चिप बसवायची. ती लाईट गेली तरी विसरत नाही. सगळं लिहिलेलं तिच्यात भरून ठेवायचं, म्हणजे बोर्ड जागा झाला की कॉम्प्युटरची वाट न बघता तिच्यातलं वाचून कामाला लागेल. पण बोर्ड काही वाचेना. कधी चिपमध्ये चूक, कधी बोर्डाने कुठून वाचायचं ते सांगणारी खुंटी चुकीच्या जागी. एकदा मला रस्त्यात अडवून त्यांनी आनंदाने सांगितलं, "वहिनी, तो वाचतोय. पण आकड्यांची प्रत्येक जोडी उलटी वाचतोय." मी भाजी घेऊन उभी. मी म्हटलं, "आमच्या दुसरीतली पोरं पण असंच करतात, सुधारतात हळूहळू." त्यांना ते फार पटलं.

या काळात त्यांचं स्विच ओढण्याचं वेड इतकं वाढलं, की लोक त्यांना दारात बघून मीटरसमोर उभे राहायला लागले. त्यांच्या भाचीचं लग्न वैशाखरे गावी होतं. आम्हीही गेलो होतो. मांडव भरलेला, अंतरपाट धरलेला, भटजींनी शेवटचं मंगलाष्टक उचललं आणि लाऊडस्पीकर मुका झाला. मांडवातला गोंगाट एवढा, की मागच्या लोकांना काही कळेना. काहींनी अक्षता टाकल्या, काहींनी हातातच धरल्या, वाजंत्रीवाल्यांनी अंदाजाने वाजवायला सुरुवात केली. अंतरपाट अजून तसाच. मी मागे वळून पाहिलं, तर ॲम्प्लिफायरजवळ मुरलीभाऊ, एका हातात उपटलेला प्लग. त्यांनी तो परत लावला आणि कान देऊन ऐकलं. ॲम्प्लिफायर गुरगुरत उठला. "उठला," ते समाधानाने म्हणाले. त्यांच्या बहिणीने त्या दिवशी त्यांना जे ऐकवलं, ते मावशींना डब्याशिवायही ऐकू आलं असतं.

आणि एका रविवारी डबा उठला. मुरलीभाऊंनी आम्हा दोघांना बोलावून नेलं. कॉम्प्युटरची वायर काढून त्यांनी ती खांद्यावर टाकली होती, जानव्यासारखी. स्विच बंद केला, चालू केला. मावशींनी मान डोलावली. परत बंद, परत चालू. परत मान डोलावली. त्यांनी ते इतक्या वेळा केलं, की शेवटी मावशीच म्हणाल्या, "आता बस झाला रे, मान दुखाया लागली." मुरलीभाऊंनी पेढे वाटले, तेसुद्धा चालता चालता.

सोमवारी लाईट गेली, आली, आणि डबा ढिम्म.

मंगळवारीही तेच. मुरलीभाऊंनी हाताने स्विच ओढला की डबा उठायचा; खरोखरची लाईट गेली आणि आली, की उठायचा नाही. "माझ्या हाताला ओळखतो काय हा?" ते म्हणाले. चेहरा ओढला होता. मावशी त्यांच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "राहू दे रे. मी डाळ पातेल्यात शिजवीन." ते त्यांना फारच लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, लाईट जाताना नि येताना डब्यासमोर हजर राहायला.

त्या दिवशी लाईट गेलीच नाही. असं कधी व्हायचं नाही, पण झालं. गावभर लोक खुशीत, आणि हा एकटा माणूस घराबाहेर येऊन तारांकडे बघून चरफडतोय. "रोज जाते. आज काय झालं हिला?" तीनदा आमच्याकडे चहा झाला. शेवटी दिवेलागणीला लाईट गेली, तेव्हा ते आमच्याकडेच होते. उडी मारून उठले, पण माझ्या नवऱ्याने सांगितलं, "आत्ता गेलीय, येईल निवांत. बसा." ते बसले नाहीत, पण थांबले.

लाईट आली. माझा नवरा क्रिकेटसाठी टीव्हीकडे धावला आणि मी रोजच्यासारखी ओरडले, "लगेच नको, ठरू दे तिला."

आमच्याकडे हे प्रत्येक घरात म्हणतात. लाईट येते तेव्हा सरळ येत नाही. येते, जाते, परत येते, दिवे एकदा पिवळे पडतात, मग कुठे ती ठरते. तोवर कुणी फ्रिज लावत नाही, टीव्ही लावत नाही. आत्ताही तसंच झालं. आली, गेली, आली, पिवळी पडली, ठरली.

मुरलीभाऊ पंख्याकडे बघत होते. पंखा फिरला, अडखळला, परत फिरला. "वहिनी," ते म्हणाले, "काय बोललात?"

"ठरू दे म्हटलं. तुम्ही पण म्हणताच की."

"म्हणतो ना. आयुष्यभर सगळ्यांना म्हणत आलो." कपाळावर हात मारला. "डब्यालाच सांगायचं राहिलं."

त्यांनी मला समजावलं ते असं. ते स्विच ओढायचे तेव्हा लाईट एका झटक्यात, शहाण्यासारखी यायची. खरी लाईट धडपडत येते. डबा बिचारा पहिल्याच धडपडीला जागा व्हायचा, घाईघाईने चिपमधलं वाचायला लागायचा, आणि निम्म्यातच लाईट परत अडखळायची. वाचन तिथेच तुटायचं, डबा अर्ध्या ओळीवर अडकून बसायचा. म्हणजे दोष वाचण्यात नव्हता. घाईत होता. मी म्हटलं, "शेवटी डबा कुणाचा?" माझा नवरा मोठ्याने हसला. मुरलीभाऊ हसले नाहीत. ते तोवर त्यांच्या अंगणात पोचले होते.

लाईट ठरेपर्यंत डब्याला दाबून धरणारं काहीतरी त्यांनी बसवलं, आणि मग डबा रोज उठायला लागला. मुरलीभाऊ मुरबाडच्या वर्गात असले तरी इकडे लाईट यायची, ठरायची, आणि डबा उठायचा. मावशींनी कुकर परत काढला. मी दारातून हाक मारली की "ये गो" म्हणायच्या.

डबा उठला हे मावशींना कळावं म्हणून मुरलीभाऊंनी आधी पिपाणीसारखा बारीक आवाज ठेवला होता. पण नेमका तोच मावशींना ऐकू येईना. तेव्हा त्यांनी तो काढून स्वतःचा आवाज भरला, तेच रोजचं वाक्य. मला सांगताना खाली बघत म्हणाले, "जाडा आवाज पाहिजे ना. सोय म्हणून." त्यामुळे लाईट आली की जराशाने भिंतीपलीकडून मावशी मोठ्याने म्हणायच्या, "येतंय रे." घरात कुणी नसायचं. आमच्याकडे आलेले पाहुणे दचकायचे.

मुरलीभाऊंचा मात्र पाय आता घरात अजिबात ठरेना. संध्याकाळी येऊन डब्याचा दिवा लांबूनच बघायचे, "चालू आहे ना?" असं हातानेच विचारायचे आणि पाण्याच्या टाकीवर चढायचे, कारण आता पंपानेही स्वतःहून उठावं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. उकिडवं बसणं, हेडफोन नीट करणं, काही राहिलं नाही.

मग एक दिवस अशी दुपार आली, की लाईट सकाळपासून गेली नव्हती. मी वह्या तपासत बसले होते. पलीकडून आवाज आला, "येतंय रे." मी मान वर केली, पंखा फिरतच होता. थोड्या वेळाने परत, "येतंय रे." आणि चहा ठेवेपर्यंत पुन्हा. म्हातारीला भ्रम झाला की काय, म्हणून मी लगबगीने गेले.

मावशी स्टुलावर चढून उभ्या होत्या. एका हाताने फडताळ धरलेलं, दुसरा हात डब्यामागच्या स्विचवर. मला बघून चोरी पकडल्यासारख्या थांबल्या.

"मावशी, पडाल. आणि लाईट तर गेली नाही आज."

"नाय ना गेली," त्या म्हणाल्या. "म्हनून तर."

मी त्यांना धरून खाली उतरवलं. त्या म्हणाल्या, "घरी आला का लगेच टाकीवर चढतो तो. पन ह्यात रोज इचारतो. बरा वाटतं गो." मग हेडफोन काढून माझ्या कानावर चढवला आणि डब्याकडे हनुवटीने खूण केली. मी स्विच बंद केला, चालू केला. काही नाही. लाईट ठरायची वाट बघत डबा गप्प. आणि मग अगदी कानाशी, मुरलीभाऊंचा आवाज, पण गल्लीत कधीच न ऐकलेला. घाई नसलेला. "आये, ऐकू येतंय का गो?"

"येतंय," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते. मावशी हसत होत्या, त्यांना माझं काही ऐकू येत नव्हतं.

मी मुरलीभाऊंना सांगितलं नाही. पण पावसाळा संपता संपता तेच एकदा दारात आले, एक पाय बाहेर ठेवून. मेन स्विचला हातही लावला नाही. "वहिनी, डब्याचा स्विच सैल झालाय. लाईट दिवसातून दोनदा जाते, तरी तो स्वतःहून उठतो, स्विचला हात लावायचं कारणच नाय." मी पोळ्या लाटत राहिले. ते पुढे म्हणाले, "तांदळाचं पीठ लागलंय त्याला."

"बदला मग," मी म्हटलं. "भक्कम बसवा."

पुढच्या रविवारी त्यांनी तो बसवला. मागे नाही, फडताळावरही नाही. वायर लांबवून खाली आणला, ओट्याशेजारी, मावशींच्या पाटावरून हात पोचेल इतक्या उंचीवर. मोठं पांढरं बटण, दारावरच्या घंटेला असतं तसं. मी बघायला गेले तर स्क्रू पिळत माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा स्वतःहून उठतोच. पण कुणाला उठवावंसं वाटलं, तर हात पुरायला पाहिजे."

सोमवारी सकाळी ते नेहमीसारखे एस.टी.ला धावत निघाले. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. लाईट होती. त्यांनी फाटकाची कडी लावली, आणि आतून मावशींचा आवाज आला, "येतंय रे."

मुरलीभाऊ कडीवर हात ठेवून उभे राहिले. कोपऱ्यावर एस.टी.ने दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. ते तिथेच उभे होते. मग त्यांनी कडी काढली, परत आत गेले आणि ओट्याशी मावशींच्या पुढ्यात बसले.